मालदीवच्या रिसॉर्टमध्ये टिप डॉलरमध्ये द्यावी की रुफियात? आधी वटाव कोण सोसतो ते बघा

प्रश्न असा आहे: नवरा-बायको डिसेंबरात चार रात्रींसाठी मालदीवच्या एका रिसॉर्टला निघाले आहेत. तिथल्या लोकांना टिप डॉलरमध्ये द्यायची की रुफियात, म्हणजे मालदीवच्या चलनात? घरात मागच्या सहलीतले थाई बाट आणि युरोची मूठभर नाणी पडून आहेत, ती दिली तर चालतील का? आणि रिसॉर्टमध्ये बरेच कर्मचारी भारतीय असतात म्हणतात, मग सरळ आपले रुपयेच दिले तर?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये अमेरिकन डॉलर द्या, नोटांमध्ये द्या, आणि नोटा कोऱ्या असू द्या. टिपेसाठी म्हणून रुफिया बदलून घ्यायची गरज नाही. बाट नको. युरोची नाणी तर अजिबात नको. रुपये फक्त तेव्हाच, जेव्हा समोरचा माणूस भारतीय आहे आणि त्याने स्वतःहून चालतील म्हटलंय. मात्र हे उत्तर मालदीवपुरतं आहे. तुम्ही बालीला किंवा फुकेतला निघाला असतात तर मी याच्या बरोबर उलट सांगितलं असतं.

मी गेली अठरा-एकोणीस वर्षं टूर मॅनेजर म्हणून लोकांना घेऊन फिरतो. त्याआधी आठ वर्षं दक्षिण गोव्यातल्या एका बीच रिसॉर्टमध्ये रूमबॉय होतो, १९९८ साली लागलो. त्यामुळे टिप देणारा हात आणि घेणारा हात, दोन्ही माझेच आहेत. आणि या प्रश्नाचं खरं उत्तर घेणाऱ्याच्या बाजूने बघितल्याशिवाय सापडत नाही.

तेव्हा सीझनला ब्रिटन, जर्मनी, फिनलंडची चार्टर विमानं दाबोळीला उतरायची. पाहुणे दोन-दोन आठवडे राहायचे आणि जाताना मनापासून टिप द्यायचे. कुणी रुपये द्यायचं, पण बरेच जण निघायच्या दिवशी खिशात जे काही घरचं उरलं असेल ते काढून हातावर ठेवायचे. पौंडाची नाणी, मार्क, फिनलंडचे मार्का. आमच्या क्वार्टरमध्ये खाटेखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात ही सगळी नाणी जायची. डबा उचलवत नव्हता इतका जड झाला होता आणि त्यातलं एक नाणंसुद्धा मडगावात कुणी बदलून देत नव्हतं. बँक घेत नाही, मनी चेंजर घेत नाही, कारण परदेशी नाणी परत त्या देशात पाठवायला खर्च येतो म्हणून कुणी हातच लावत नाही. परदेशी नाणी भारतात कितीही बाळगा, रिझर्व्ह बँकेची त्यावर मर्यादा नाही. पण ती घ्यायला कुणी तयार नाही.

मग आम्ही काय करायचो? वेंगुर्ल्याचा एक वेटर होता, फार धीट. तो दहा पौंडांची नाणी मोजून रुमालात बांधायचा आणि नाश्त्याच्या वेळी एखाद्या प्रेमळ दिसणाऱ्या इंग्रज आजीला विचारायचा, ही घेऊन दहाची नोट द्याल का? बहुतेक जण द्यायचे. पण मॅनेजरने एकदा बघितलं आणि पाहुण्यांना त्रास देतो म्हणून त्याला दोन दिवस किचनमध्ये भांड्यांवर पाठवलं. स्वतःच्या कष्टाच्या पैशाची मोड मागितली म्हणून. ते मी अजून विसरलेलो नाही. २००२ मध्ये युरोची नाणी-नोटा आल्या आणि डब्यातले मार्क आणि मार्का चलनातूनच गेले. ब्रिटनचं जुनं गोल पौंडाचं नाणं ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद झालं, कागदी पाच, दहा, वीसच्या नोटाही एकेक करून गेल्या. ज्या देशातल्या माणसांना तिथल्या बँकेत जाता येतं त्यांना त्याचं काही वाटत नाही. मडगावातल्या रूमबॉयला ती बातमीसुद्धा कळत नाही.

आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: वटाव. एका ठिकाणचं नाणं दुसऱ्या ठिकाणी चालवायचं तर सराफ मधे जी कात्री लावायचा तो वटाव. परक्या चलनात टिप दिली की हा वटाव कुणीतरी सोसतोच. तुम्ही निघण्यापूर्वी पुण्यात नोटा नीट बदलून घेतल्या तर तो तुम्ही सोसता, आणि तुमच्या सहलीच्या खर्चात तो दिसतसुद्धा नाही. तुम्ही घरात पडलेले पैसे जसेच्या तसे दिले तर तो रूमबॉय सोसतो, आणि त्याच्यासाठी तो अर्ध्या टिपेएवढा असू शकतो. आठवड्यातून एक सुटी, चेंजर दुसऱ्या गावात, जाण्यायेण्याचं भाडं, वर पडता भाव. म्हणून माझा नियम एवढाच आहे: वटाव टिप देणाऱ्याने सोसायचा.

आता मालदीवला डॉलरच का, ते सांगतो.

तिथे एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. खोलीच्या भाड्यापासून नारळपाण्यापर्यंत सगळ्याचे भाव डॉलरमध्ये लिहिलेले असतात. पाहुण्याच्या हातात रुफिया यायची वेळच येत नाही. ती माले शहरात किंवा माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेलात तर लागते. दुसरं म्हणजे मालदीव जवळपास सगळं बाहेरून आणतो, तांदूळ, कांदे, औषधं, सिमेंट. त्यामुळे डॉलरची तिथे कायम ओढ असते. सरकारी दर डॉलरला १५.४२ रुफियापर्यंत बांधलेला आहे, म्हणजे तुमच्या पाच डॉलरचे हिशेबाने सत्याहत्तर रुफिया होतात, पण बँकेच्या खिडकीवर सामान्य माणसाला हवे तेवढे डॉलर मिळत नाहीत. मालदीवची माणसं उपचारांसाठी तिरुवनंतपुरम, कोची, कोलंबोला जातात. आईला ऑपरेशनसाठी न्यायचं तर डॉलर लागतात. म्हणून तिथल्या स्थानिक वेटरला डॉलरची नोट हीच जास्त मोलाची. आणि जो बांगलादेशचा, नेपाळचा, श्रीलंकेचा किंवा केरळचा आहे, त्याला तर रुफियाचा उपयोग आणखी कमी. मालदीवबाहेर रुफिया कुणी विचारत नाही. तो घरी जाताना डॉलर नेईल, रुफिया नाही.

म्हणजे इथे डॉलर हे परकं चलन असूनही बेटावर तेच चलन आहे. कुठल्याही ठिकाणी हाच प्रश्न विचारा: हा माणूस उद्या सुटीवर गेला तर या नोटेचं काय करेल?

नोटेची अवस्था हा विषय आपले लोक हलक्यात घेतात. आपण फाटकी दहाची नोट चिकटपट्टी लावून चालवतो. डॉलरच्या बाबतीत आशियातले चेंजर फार कडक असतात. घडीवर चीर, कोपरा गेलेला, पेनाने आकडा टाकलेला, शिक्का मारलेला, काहीही असलं की नोट परत करतात किंवा भाव पाडतात. १०० डॉलरच्या १९९६ पूर्वीच्या, लहान चेहऱ्याच्या नोटा अजून कुणाकुणाच्या कपाटात असतात. त्या तर नेऊच नका. पाहुण्याला रिसेप्शनवर नोट बदलून मिळते, कारण तो पाहुणा आहे. रूमबॉयला कोण बदलून देणार? एकदा माले विमानतळावर माझ्याच ग्रुपमधल्या एका काकांनी हमालाला एक डॉलर दिला. त्याने नोट उजेडाकडे धरली, मधली चीर दाखवली आणि काही न बोलता दोन्ही हातांनी परत दिली. काकांना वाटलं कमी दिले म्हणून रागावला. तसं नव्हतं. त्याला ती नोट कुठेच चालवता आली नसती.

किती रकमेची नोट, हाही भाग महत्त्वाचा आहे. बँकॉकला किंवा बालीतल्या कुटाला चेंजरचा फलक बघा: १०० आणि ५० च्या डॉलर नोटांचा भाव वेगळा, २०-१०-५ चा वेगळा, १ च्या नोटेचा त्याहून खाली. एकेक डॉलरच्या नोटांना दोनदा कात्री लागते. मालदीवमध्ये हा त्रास थोडा कमी, तरी मी एकच्या नोटा फक्त सामान उचलणाऱ्यासाठी वापरतो, बाकी सगळ्यांना पाचच्या आणि दहाच्या.

चार रात्रींसाठी दोघांचा माझा हिशेब साधारण असा असतो. खोली करणाऱ्याला रात्रीला पाच डॉलर. रोज आपल्याच टेबलाला असणाऱ्या वेटरला शेवटी वीस ते पंचवीस. सामानाला दर बॅगेमागे एक, येताना आणि जाताना. स्नॉर्कलिंगला नेणाऱ्या बोटीवरच्या मुलांना मिळून दहा, आणि ते सगळ्यांत मोठ्या माणसाच्या हातात, म्हणजे वाटले जातात. बटलर असलेली व्हिला घेतली असेल तर त्याचे वीस-तीस वेगळे. हे धरून १०० डॉलरचं एक पाकीट वेगळं काढा: पाचच्या दहा नोटा, दहाच्या चार, एकच्या दहा. चेंजरकडे निघायच्या आदल्या दिवशी गेलात तर तो शंभरच्याच नोटा पुढे करेल. चार दिवस आधी फोन करून सुट्या डॉलरचं सांगून ठेवा, काही ठिकाणी सुट्यांना किंचित जास्त भाव लावतात, तो द्या. हाच तो तुमच्या वाट्याचा वटाव. रोख परक्या चलनाची मर्यादा एका सहलीला माणशी ३००० डॉलर आहे, तेव्हा शंभराची काळजी नको.

एवढं देणं परवडत नसेल तर कमी द्या, खरंच. मालदीवमध्ये टिप सक्तीची नाही. बिलावर १० टक्के सर्व्हिस चार्ज लागतो, आणि तो कर्मचाऱ्यांमध्ये वाटणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्यावर जुलै २०२५ पासून १७ टक्के पर्यटन जीएसटी. म्हणजे मेन्यूवर १०० डॉलरचं जेवण दिसलं तर आधी ११० आणि मग १२८ डॉलर ७० सेंट होतात. हे बघून अनेकांना वाटतं की आता आणखी टिप कशाला. त्यात चूक काही नाही. सर्व्हिस चार्ज हा तिथल्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा हिस्सा असतो, पावसाळ्यात बेट रिकामं पडलं की तो आटतो. टिप ही त्याच्या वरची, तुमच्या मर्जीची. कमी पण चालणारी नोट द्या. जास्त पण न चालणारी नको.

आता रुपयांचं. रिसॉर्टमध्ये कोकणातला, मुंबईतला मुलगा भेटला की आपल्याला आनंद होतो. मालवणीत बोलतो, जास्तीचा पापड आणून देतो, आणि आपण खिशातून ५०० ची नोट काढतो. भारतीय नागरिकाला २५,००० रुपयांपर्यंत आपलं चलन बाहेर नेता येतं, तेव्हा बेकायदा काही नाही. पण तो मुलगा वर्षातून एकदा घरी येतो. तोवर ती नोट ट्रंकेत. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा गेल्या तेव्हा आपण इथे रांगा लावून त्या भरल्या तरी. परदेशात ट्रंकेत नोटा ठेवलेल्यांचं काय झालं? पुढच्या वर्षी एका बोटीवरच्या श्रीलंकेच्या मुलाने मला जुन्या ५०० च्या दोन नोटा दाखवल्या. कुणा भारतीय कुटुंबाने दिल्या होत्या. त्याने त्या पासपोर्टच्या पानांत जपून ठेवल्या होत्या आणि मला विचारत होता, कोलंबोत बदलून मिळतील का. मी त्याला खरं काय ते सांगितलं आणि पंधरा डॉलर दिले. नोटा माझ्याकडे घेतल्या, नाहीतर तो आणखी कुणाला तरी विचारत बसला असता. २०२३ मध्ये २००० ची नोट मागे घेतली तेव्हा मला पुन्हा तोच मुलगा आठवला.

म्हणून भारतीय असला तरी आधी विचारा. “भाऊ, डॉलर देऊ की रुपये चालतील?” एवढं विचारण्यात कुणाचा अपमान नाही. महिन्याभरात गावी जाणार असेल तर तो आनंदाने रुपये घेईल. नेपाळी मुलाच्या बाबतीत शंभरच्या आणि त्याहून लहान भारतीय नोटा नेपाळात सहज चालतात. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा दर १९९३ पासून तसाच आहे. तरी मालदीवच्या बेटावर त्यालाही डॉलरच सोयीचा.

बालीचं उलट का, ते थोडक्यात. इंडोनेशियात रोजचा व्यवहार रुपियातच, म्हणजे तिथल्या चलनातच, व्हायला हवा असा २०११ चा कायदा आहे, रिसॉर्टचा कर्मचारी संध्याकाळी स्कूटरवरून स्वतःच्या घरी जातो, वाटेत पेट्रोल आणि भाजी रुपियात घेतो. त्याला एक डॉलरची नोट दिलीत तर ती बदलायला चेंजरकडे जायचं आणि सगळ्यांत खालचा भाव घ्यायचा. रुपियाच द्या, फक्त शून्यं मोजा. २,००० ची नोट मोठी वाटते आणि आपल्या दहा-अकरा रुपयांची निघते. मी खोलीसाठी रोज २०,००० ते ५०,००० ठेवतो. थायलंडला बाट, व्हिएतनामला डोंग, श्रीलंकेत तिथलाच रुपया, दुबईत दिरहम. थायलंडला चिल्लर नाणी टिप म्हणून देऊ नका, ते भिकेसारखं वाटतं. वीसची नोट हा तळ समजा. इजिप्तला डॉलर-युरोच्या नोटा आवडीने घेतात, पण तिथेही लाल समुद्रावरच्या रिसॉर्टमध्ये वेटर युरोच्या नाण्यांची चवड पुढे करून नोट मागताना दिसतील. ते पाहिलं की मला वेंगुर्ल्याच्या त्या वेटरचा रुमालच दिसतो. जपानला टिप देऊच नका, माणूस मागे धावत येऊन परत करेल.

तुमचे बाट पुढच्या थायलंड सहलीसाठी ठेवा किंवा इथल्या चेंजरला विका, नोटा असतील तर घेतो. युरोची नाणी युरोपला निघालेल्या कुणा ओळखीच्याला द्या; विमानतळावर ट्रॉलीला आणि कॉफीच्या मशीनला लागतात. काही विमान कंपन्या युनिसेफसाठी उरलेली नाणी पाकिटात गोळा करतात, तोही चांगला मार्ग आहे. मालदीवहून डॉलर उरले तर २००० डॉलरपर्यंत घरी ठेवता येतात, त्याहून जास्त असतील तर परतल्यापासून १८० दिवसांत विकायचे. सुटे डॉलर मात्र विकू नका, पुढच्या सहलीला हेच शोधत फिराल.

द्यायची कशी, यात एक चूक सगळे करतात आणि ती मी घेणाऱ्याच्या बाजूने भोगली आहे. गोव्याला एका खोलीत पाहुणा गेल्यावर टेबलावर वीस पौंडांची नोट होती. खोलीत सापडलेले पैसे म्हणजे विसरलेली वस्तू, हा हाउसकीपिंगचा नियम. मी नोट सुपरवायझरकडे दिली, लॉस्ट अँड फाउंडच्या रजिस्टरात खोली नंबर, तारीख, सही झाली. पाहुण्याचं काही महिन्यांनी पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की तुमचा रूमबॉय फार चांगला, त्याला ठेवलेले वीस पौंड मिळाले असतील. तोवर ती नोट ऑफिसच्या कपाटातून कुठे गेली, कुणाला सांगता आलं नाही. मला ते वीस पौंड मिळाले नाहीत, आणि तेव्हा ते माझ्या निम्म्या पगाराहून जास्त होते.

तेव्हा उशीवर किंवा टेबलावर पैसे ठेवलेत तर शेजारी चिठ्ठी ठेवा. हॉटेलच्याच पॅडवर ‘रूम स्टाफसाठी, थँक यू’ आणि सही, बस. चिठ्ठी असली की मुलाला ती सुपरवायझरला दाखवता येते. आणि रोजच्या रोज ठेवा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. तीन दिवस तुमची खोली करणारा मुलगा चौथ्या दिवशी सुटीवर असतो आणि सगळी टिप बदलीवर आलेल्याला जाते. वेटरची टिप आदल्या रात्रीच्या जेवणानंतर त्याच्या हातात द्या. सकाळी स्पीडबोट किंवा सीप्लेनची वेळ झाली की बॅगा तासभर आधी उचलल्या जातात, तुम्ही नाश्ता अर्धा टाकून जेट्टीवर पळता, आणि रात्रीच्या पाळीचा तो वेटर त्या वेळी बेटाच्या मागच्या बाजूला क्वार्टरमध्ये झोपलेला असतो.